मुलीला पांढऱ्या बिडाची ओढ लागलीय, पुढे काय?

प्रश्न: माझी मुलगी नाशिकला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रशिक्षणासाठी ती सातपूरच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) होती. तिथे कोळसा आणि सिमेंट दळणाऱ्या मिलचे लायनर, म्हणजे मिलच्या आत बसवायच्या, झीज सोसणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) प्लेटा ओततात. तिथून तिने तुटलेल्या लायनरचा तुकडा घरी आणला आणि त्याची भंगलेली बाजू भिंगातून बघत बसते. आता तिला मेटलर्जीच, म्हणजे धातुशास्त्रच शिकायचं आहे. तिचे वडील म्हणतात, ‘बीड वितळवण्यात काय ठेवलंय? कॉम्प्युटर घे.’ काय करावं? – एक आई, सिन्नर

ताई, नमस्कार.

भंगलेली बाजू भिंगातून बघणं हेच मेटलर्जीचं पहिलं काम आहे, आणि ते तिला कुणी सांगितलेलं नाही. माझा कौल इथेच तिच्या बाजूने झुकला.

ती काय बघत असेल ते तिच्या वडिलांनाही सांगते. साध्या करड्या बिडात बराचसा कार्बन ग्राफाइट होऊन मोकळा बसतो, म्हणून ते तुटलं की राखाडी दिसतं. झीज सोसणाऱ्या बिडात साधारण १२ ते ३० टक्के क्रोमियम घालतात. कार्बन त्याच्याशी जोडला जाऊन कार्बाइडचे कण तयार होतात आणि तुटलेली बाजू पांढरी, चमकदार दिसते, म्हणून ते पांढरं बीड. हे कण क्वार्ट्झपेक्षाही, म्हणजे गारगोटीपेक्षाही कठीण असतात. हे महत्त्वाचं का, तर आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा दळून जाळतात. भारतीय कोळशात राख भरपूर आणि त्या राखेत क्वार्ट्झ. मिलला खाऊन टाकतो तो हा क्वार्ट्झ.

मग सगळंच पांढऱ्या बिडाचं का करत नाहीत? कारण ते ठिसूळ आहे. खडी क्रशरच्या जबड्यात ते घातलं तर दगडाच्या धक्क्याने तडकेल. तिथे मँगनीज स्टील लागतं. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेलं हे स्टील मार खाऊन वरून कठीण होत जातं. शिवाय पांढऱ्या बिडाला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं फार अवघड. त्यावर थरांचा उपाय निघाला: वर झीज सोसणारं बीड, खाली माइल्ड स्टीलची, म्हणजे साध्या, न तडकणाऱ्या पोलादाची पाठ. निर्वात भट्टीत तांबं वितळवून दोन्ही जोडतात. मग धक्का पाठ झेलते आणि बोल्ट किंवा वेल्ड पाठीलाच करता येतो. दुसरी पद्धत हार्डफेसिंगची, म्हणजे स्टीलच्या प्लेटवर वेल्डिंगने क्रोमियम कार्बाइडचा थर चढवायचा. या थराला आडव्या बारीक चिरा पडतात. नवखा माणूस त्या बघून माल परत पाठवतो, पण थंड होताना साठलेला ताण त्या चिरांतून मोकळा होतो, त्या चालतात. चीर जोडाच्या रेषेने धावू लागली तर मात्र थर सोलून निघणार. कुठली चीर चालते आणि कुठली नाही, हे ओळखणाऱ्याला कारखाना जपतो. तुमच्या लेकीचं करिअर ते ओळखण्यात आहे, भट्टीजवळ उभं राहण्यात नाही.

तिच्या वडिलांच्या काळजीतही तथ्य आहे. फाउंड्रीत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे घरात आत्ताच मोकळेपणी बोला. दुसरं त्याहून गंभीर: वाळूच्या सिलिकायुक्त धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. नोकरी घेताना धूळ ओढणारी यंत्रणा चालू आहे का, योग्य मास्क देतात का, हे तिने स्वतः बघावं. नसेल तर पगार कितीही असो, ती जागा सोडावी.

नाशिकची ओळख ऑटो पार्ट्सची, म्हणून झिजणाऱ्या भागांच्या कामाचा विचार इथे कमी होतो. पण वीज केंद्रं, सिमेंट कारखाने, खाणी, साखर कारखाने यांना हे भाग पुन्हा पुन्हा लागतात. गाळपात चरकाचे रोलर झिजतातच. काम फाउंड्रीतच मिळेल असंही नाही. देखभाल विभाग, तपासणी प्रयोगशाळा, हार्डफेसिंगचे कारखाने हेही रस्ते आहेत.

डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश गुणांवर मिळतो. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत मेटलर्जीची शाखा आहे. जागा थोड्या असतात, म्हणून शेवटच्या सत्राचे गुण सांभाळा आणि शाखा बदलण्याचे नियम यंदाच्या माहिती पुस्तिकेत नीट वाचा. तिथे जागा नाही मिळाली तर नाशिकमध्येच मेकॅनिकल करून मटेरियल्सकडे वळता येतं. पुढे एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत मेटलर्जीचा पेपर आहे. कॉम्प्युटर शाखा मात्र निव्वळ भीतीपोटी घेऊ नका.

आणि या सुट्टीत एक करा. तो तुकडा प्रयोगशाळेत कापून, पॉलिश आणि एच करून (आम्लाने हलकं कोरून) मायक्रोस्कोपखाली बघू द्याल का, असं तिने त्याच फाउंड्रीत विचारावं. शक्य असेल तर वडिलांनाही सोबत न्यावं.