कॉमिक कॉनच्या टेबलावर काय विकता येतं?

मुंबई कॉमिक कॉनचे, म्हणजे कॉमिक्स-अॅनिमेच्या चाहत्यांच्या मेळाव्याचे, स्टॉल जाहीर झाले की तिथे चित्रं विकणाऱ्यांचे तेच प्रश्न नव्या नावांनी येतात. यंदाचे हे पाच.

प्रश्न : विकण्याआधी चित्राची कॉपीराइट नोंदणी सक्तीची आहे का? (नाशिक)
नाही.

प्रश्न : गाजलेल्या अॅनिमेतल्या (जपानी अॅनिमेशन) पात्रांचे ए-थ्री प्रिंट विकते. ३० टक्के बदल केला की चालतं, असं सगळे म्हणतात. (ठाणे)
हे 'सगळे' मला एकदा भेटायचे आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असा आकडाच नाही. मूळ कृतीतला महत्त्वाचा भाग उचललाय का, हे न्यायालय बघतं. केस निळ्याचे जांभळे केलेत, तरी पात्र ओळखू आलं म्हणूनच गिऱ्हाईक थांबलं ना? कलम ५२ खासगी वापर, अभ्यास, समीक्षा यांना मोकळीक देतं. विक्रीसाठी छापलेले ५० प्रिंट त्यात बसवणं कठीण. शेजारच्या टेबलावरही तेच विकतात, हा बचाव नव्हे. मालकाने आज काणाडोळा केला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. आणि खाली 'सर्व हक्क मूळ मालकाचे' असं छापणाऱ्यांना हात जोडते : तुम्हाला ठाऊक होतं, याचा पुरावा तुम्हीच छापताय! जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. पुराणातली पात्रं कुणा एकाच्या मालकीची नाहीत; हनुमान काढा, घटोत्कच काढा, मात्र टीव्ही मालिकेतला मुकुट जसाच्या तसा उचलू नका. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क कधीच संपलाय. अॅनिमेच काढायचं असेल, तर त्या कंपनीचे फॅन आर्टचे (चाहत्यांनी काढलेल्या चित्रांचे) नियम आहेत का ते शोधा आणि छपाईआधी वकिलाला दाखवा. नोटीस आल्यावर नको.

प्रश्न : एकाने पैसे देऊन स्टॉलवर स्वतःचं पोर्ट्रेट काढून घेतलं. त्याचे प्रिंट विकू का? (पुणे)
थांबा. उलट करार नसेल, तर अशा पोर्ट्रेटचा कॉपीराइट कलम १७नुसार पैसे देणाऱ्याचा. पुढच्या वेळी पावतीवरच 'हक्क चित्रकाराकडे' असं लिहून त्याची सही घ्या.

प्रश्न : एका टी-शर्टवाल्याच्या फॉर्मवर सही केली, तीन आठवडे झाले. 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' असं त्यात आहे. आता काय करू? (कोल्हापूर)
तीन आठवडे! हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे त्याला माहीत आहे, म्हणून तर 'कायमचे, जगभर' लिहून घेतलं. मोबदल्याच्या जागी 'प्रसिद्धी' लिहिलंय का बघा, आणि फॉर्म घेऊन आजच वकिलाकडे जा.

प्रश्न : बेंगळुरूत दोन दिवसांचा स्टॉल आहे. विक्री किरकोळच. जीएसटी लागेल? (सांगली)
लागू शकतो. परराज्यात तात्पुरता स्टॉल लावणाऱ्याला विक्री कमी असली तरी 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' म्हणून नोंदणी करावी लागू शकते. अर्ज किमान ५ दिवस आधी, अंदाजे कर आगाऊ भरून. हस्तकलेला सवलत आहे. तुमचा माल तिच्यात बसतो का, ते सीएला विचारा. गाडीत बसल्यावर मला फोन करू नका.