जीआरईचा क्लास लाव, पण आधी हे कर

परदेशी विद्यापीठात शिकायला जायचंय म्हणतोस, तर तिथल्या प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेचा क्लास लावायचा तर लाव, पुण्यात क्लासना तोटा नाही. पण आधी ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाचं बघ. माझी प्रवेशाची डेडलाइन 15 डिसेंबरची आणि मी ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज केला नोव्हेंबरात. कागद हातात आला तर आडनावात एक अक्षर कमी! पुन्हा खिडकी, पुन्हा चलन, पुन्हा 'साहेब जेवायला गेलेत'. पासपोर्ट आणि मार्कशीटवरचं नाव आजच जुळवून बघ.

खरी मेख शिफारसपत्रांत आहे. सर म्हणतील, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याकडे सर्रास चालतं, पण तू त्यात पडू नकोस. तिन्ही पत्रांत एकच भाषा दिसली की वाचणाऱ्याला शंका येतेच. त्यापेक्षा सरांना पानभर टिपण दे: प्रोजेक्ट कुठला, कुठे अडलास, मार्ग कसा काढलास. 'मेहनती व होतकरू' हे काय, सगळ्यांच्याच पत्रात असतं. पत्र अपलोड करायची लिंक थेट सरांच्या ईमेलवर जाते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी आठवण कर.

एसओपी, म्हणजे 'मला हे का शिकायचंय' हे सांगणारा अर्जातला निबंध, 'लहानपणापासून मला यंत्रांचं वेड' असं सुरू केलं असशील तर खोड.

जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा दोनच. जर्मनी यादीत असेल तर एपीएस प्रमाणपत्राचं (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) आधी बघ. नोव्हेंबर 2022 पासून आपल्याला विद्यार्थी व्हिसासाठी ते सक्तीचं आहे.

आणि अमेरिकेतून फंडिंगसकट ऑफर आली, तर लगेच हो म्हणू नकोस. बऱ्याच विद्यापीठांनी 15 एप्रिलपर्यंत मुदत द्यायचं मान्य केलंय.