आधी मोज, मग बोल

प्रिय डॉक्टर,

पत्र मिळालं. बीएएमएसची इंटर्नशिप संपत आली आणि तू विचारतेस, "सर, मी नेमकी कुणाच्या बाजूची?" ओपीडीतले वैद्य म्हणतात गोळ्या म्हणजे विष, रात्रपाळीतले फिजिशियन म्हणतात काढे म्हणजे थोतांड. अगं, बाजू कसली विचारतेस? साखर तपासायच्या पट्टीला पॅथी कळत नाही. आधी मोज, मग बोल.

तू लिहिलेल्या त्या कॉलेजातल्या मुलाचं मात्र आधी. टाइप १ मधुमेह आहे आणि आई म्हणते, काढा द्या, इन्सुलिनच्या सुया बंद करा. इथे विचाराला जागाच नाही. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. सुया थांबल्या की एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात, उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालतो आणि पोरगा आयसीयूत जातो. १९२२ साली टोरंटोत १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशी मुलं अर्धपोटी ठेवून कशीबशी काही काळ जगवायचे. हे त्या माउलीला सांग, पण आवाज चढवू नकोस. पोराला रोज टोचून घेताना तिला बघवत नाही, एवढंच तिचं दुखणं आहे.

टाइप २ची, म्हणजे इन्सुलिन असूनही ते पुरेसं काम करत नाही त्या मधुमेहाची, गोष्ट वेगळी. तिथे ताट बदललं की आकडे हलतात, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. पण "काय खाता?" विचारलं की उत्तर येतं, "साधंच, भाजी-पोळी." तिथे थांबायचं नाही. बायकोला आत बोलवायचं. मग कळतं, तीन वेळा गोड चहा, सोबत खारी, दुपारी चार पोळ्या नि बटाट्याची भाजी, चतुर्थीला ताटभर साबुदाण्याची खिचडी. उसळ? "रविवारी." "मी कुठे जाड आहे?" याला भुलू नकोस. आपली माणसं बारीक दिसली तरी अंगात चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय. टेपने पोटाचा घेर मोज. रोज मटकी-मुगाची उसळ, पोळ्या दोन, आणि जेवल्यावर दोन तासांनी पट्टी त्याच्याच हाताने लावू दे.

आणि आहार लागू पडला पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी तेवढीच राहिली, तर तोच माणूस भर दुपारी घामाघूम होऊन पडेल. गोळी कमी करावीच लागते, पण आकडे बघून आणि त्याच्या फिजिशियनला फोन करून. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्या शाकाहारी माणसाच्या पायाला मुंग्या आल्या तर बी१२ जीवनसत्त्वही तपास.

मोजणं ही ॲलोपॅथीची जहागीर नाही. सर्पगंधा ही वनस्पती आपलीच ना? मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, आकडे लिहिले, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. पुढे तिच्यातून काढलेल्या रेसर्पिन या औषधाने काहींना नैराश्य येतं हेही नोंदींमुळेच लक्षात आलं. कोविडच्या काळात लोक गुळवेल रोज प्यायले, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आपल्यातले कितीतरी जण चिडले. चिडता कशाला? एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करा.

मला लोक "ना धड वैद्य, ना धड डॉक्टर" म्हणत आले. म्हणोत. मी दवाखान्यात काढ्याची बाटली विकायला ठेवली नाही, लॅबचं कमिशन घेतलं नाही. मुलीच्या शिक्षणाला कर्ज काढलं, पण हा हट्ट सोडला नाही, कारण विकायला काही नसलं की आकडा खरा वाचता येतो. हळहळ एकाच गोष्टीची वाटते. उमेदीची वर्षं पॅथीच्या वादात गेली आणि केसपेपर कपाटात पडून राहिले. ते नीट छापले गेले असते, तर आज तुला नुसत्या माझ्या शब्दावर विसंबावं लागलं नसतं.

रात्रपाळी सोडू नकोस. ईसीजी वाचायला, रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेला रुग्ण ओळखायला तिथेच शिकशील. रसौषधी, म्हणजे पारा-धातूंची आयुर्वेदिक औषधं, देणार असशील तर त्या बॅचचा जड धातूंचा अहवाल आधी मागव. केसपेपरवर दर तीन महिन्यांच्या एचबीए१सीसाठी, म्हणजे सरासरी साखरेच्या तपासणीसाठी, रकाना आजच आख. आणि इंटर्नशिप संपली की ये. कपाट उघडून ठेवतो, आकडे तू संगणकावर चढवायचेस.

कळावे,
तुझे सर