सॉल्व्हंटच्या वाफांवरचा युरोपातला कायदा छोट्या दुकानदारांना कसा झेपला? आपल्याकडे असा नियम आला तर ड्रायक्लीनर आणि गॅरेजवाले बुडतील का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या काकांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, आणि 'मोठ्या कारखान्यांचे नियम आमच्या माथी मारले तर शटर ओढावं लागेल' अशी त्यांना धास्ती आहे. हा कायदा लागू झाला त्या वर्षांत मी इंग्लंडमध्ये एका स्थानिक परिषदेच्या प्रदूषण विभागात होतो. ड्रायक्लीनरांकडे जाऊन परवान्याच्या तपासण्या करणं हेच माझं काम होतं. म्हणून जे पाहिलं तेच सांगतो.

युरोपीय संघाचा मूळ निर्देश (म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम) 1999 सालचा. रंग, शाई, गोंद, धुलाई यांतून उडणारी सॉल्व्हंटची (विरघळवणाऱ्या द्रवाची) वाफ उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते. तो कमी करायचा हा हेतू. बहुतेक धंद्यांना वापराची किमान मर्यादा ठेवली होती. लाकडाच्या रंगकामाला वर्षाला 15 टन, चपला-बुटांच्या कारखान्याला 5 टन. त्याखाली असाल तर कायदा तुमच्या दारात येत नव्हता. ड्रायक्लीनिंगला मात्र अशी मर्यादाच नव्हती. एका मशीनचं दुकानसुद्धा कायद्यात आलं. जुन्या दुकानांना 31 ऑक्टोबर 2007 पर्यंतची मुदत होती.

तरीही दुकानदारांना झेपलं, कारण त्यांना पाळायचा मुख्य आकडा एकच होता: धुऊन वाळवलेल्या दर किलो कपड्यांमागे 20 ग्रॅमपेक्षा जास्त सॉल्व्हंट हवेत जाता कामा नये. धुराड्यावर यंत्रं लावणं नाही, प्रयोगशाळेची बिलं नाहीत. प्रत्येक खेपेचं वजन काट्यावर करायचं, मशीनमध्ये किती सॉल्व्हंट ओतला ते लिहायचं, आणि गाळाबरोबर बाहेर गेलेला वजा करायचा. समजा, आठवड्याला 240 किलो कपडे धुतले. मग हवेत जायला परवानगी 4.8 किलोची. पर्क (म्हणजे परक्लोरोइथिलीन) पाण्यापेक्षा बराच जड, लिटरला सुमारे 1.6 किलो, म्हणजे हे जेमतेम तीन लिटर झाले. हा हिशोब कुणालाही जमतो.

खरी अडचण कुठे आली ते एका दुकानावरून सांगतो. मालक गुजराती, पूर्व आफ्रिकेतून आलेले, साठीचे. मशीन बंद चक्राचं (वाळवणीची वाफ बाहेर न सोडता पुन्हा द्रव करून वापरणारं), तसं चांगलं होतं, तरी आकडा 20 च्या खाली येईना. ते माझ्यावर चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. नोंदवही घेऊन आम्ही दोघं बसलो तेव्हा कळलं की 'तासाभरात कपडे' या सेवेमुळे ते दोन कोट, तीन सूट टाकून मशीन फिरवत होते. खेप भरलेली असो की अर्धी, प्रत्येक खेपेत उडणारा सॉल्व्हंट जवळजवळ तेवढाच असतो. कपडे कमी, म्हणजे दर किलोचा आकडा वर. त्यात दाराचं रबरी सील कडक झालेलं आणि लिंटची (कपड्यांतून निघणाऱ्या तंतूंची) जाळी तुंबलेली. जाळी तुंबली की वाळवणीची हवा नीट फिरत नाही, कपडे ओलसरच बाहेर निघतात आणि उरलेला सॉल्व्हंट दुकानात उडतो. तो वास ते तीस वर्षं छातीत भरून घेत होते. पर्कमुळे माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण सांगतं. मला त्या आकड्यापेक्षा त्यांची काळजी जास्त वाटत होती, आणि हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

सील बदललं, जाळी रोज साफ करायचं ठरलं, आणि तातडीचे कपडे दिवसातून दोन ठरावीक वेळांना एकत्र धुवायला लागले. पुढच्या तपासणीला आकडा मर्यादेत होता. सॉल्व्हंटचा ड्रमही आधीपेक्षा जास्त दिवस पुरू लागला. ही गोष्ट त्यांनी मला आधी सांगितली, नोंदवही नंतर दाखवली.

सगळंच असं सुरळीत झालं नाही. ज्यांची मशीनं फारच जुनी होती त्यांना नवीन घ्यावी लागली, आणि काहींनी धुलाई बंद करून कपडे दुसरीकडे धुवायला पाठवणं पसंत केलं. त्यांचं नुकसान झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. परवान्याचं वार्षिक शुल्क ड्रायक्लीनरांना इतर धंद्यांपेक्षा कमी होतं, आणि धोका कमी-जास्त तसं तेही कमी-जास्त. त्याचा थोडा आधार झाला, इतकंच.

आता गॅरेजांबद्दल, कारण माझ्या मते आपल्यासाठी खरा धडा तिथे आहे. 1999 च्या निर्देशात गाड्यांचं रंगकामही होतं, वर्षाला अर्ध्या टनाच्या मर्यादेसह. गल्लोगल्लीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडून थिनरचा हिशोब कोण घेणार? 2004 मध्ये युरोपने मार्ग बदलला. हे काम त्या यादीतून काढलं आणि बंधन डब्यावरच घातलं: 2007 पासून वापरायला तयार टॉपकोटमध्ये (वरच्या रंगात) लिटरला 420 ग्रॅमपेक्षा जास्त सॉल्व्हंट नको. नियम मुख्यतः रंग बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या मोजक्या कंपन्यांवर आला. पेंटरला पाण्यावर आधारलेला बेसकोट मारायला शिकावं लागलं, वाळवायला वेळ जास्त लागू लागला, पण कागदपत्रांचं ओझं बरंच हलकं झालं.

म्हणून महाराष्ट्रात असा नियम करायचा झाला तर गॅरेजांसाठी तो रंगाच्या डब्यावर घालावा असं मला मनापासून वाटतं. ड्रायक्लीनरांसाठी मात्र वही आणि काटा हाच मार्ग बरा, कारण गळती प्रत्येक मशीनची वेगळी असते आणि ती दुकानातच सापडते. काकांना कायद्याची वाट पाहायची गरज नाही. महिनाभर प्रत्येक खेपेचं वजन आणि ओतलेले लिटर लिहून ठेवायला सांगा. ते पर्क वापरत असतील तर लिटरला 1.6 ने गुणून किलो काढा, त्याचे ग्रॅम करा आणि कपड्यांच्या किलोतल्या वजनाने भागा. गाळ मोजला नसेल तर आकडा थोडा जास्त दिसेल, पण 20 ग्रॅमच्या फारच वर गेला तर पहिल्यांदा दाराचं सील बघा.