बाटलीतल्या अ‍ॅडिटिव्हने मरीन डिझेलच्या बेअरिंगची झीज थांबते का?

चार-स्ट्रोक मरीन डिझेलचे बेअरिंग शेल (क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो त्या धातूच्या अर्धवर्तुळाकार पट्ट्या) मुदतीआधीच झिजतायत, तर ल्यूब ऑइलमध्ये वरून अ‍ॅडिटिव्ह टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर : टाकू नका.

चालत्या इंजिनात जर्नल (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) शेलला टेकतच नाही. मध्ये काही मायक्रॉनचा तेलाचा पदर असतो आणि तो टिकतो व्हिस्कॉसिटी (तेलाचा दाटपणा) आणि वेगावर. झेडडीडीपीसारखं (झिंकचं एक संयुग) झीजरोधक कामाला येतं ते हा पदर तुटल्यावर : सुरू करताना, थांबवताना, कमी आरपीएमवर एकदम लोड आला की. ते तुमच्या तेलात आधीच मोजून घातलेलं आहे. आणखी ओतलं की सगळी रसायनं धातूच्या त्याच पृष्ठभागासाठी भांडतात. डिस्पर्संट (काजळी तेलात तरंगत ठेवणारं रसायन) वाढला तर तेल पाणी सोडत नाही, प्युरिफायर (तेलातलं पाणी आणि गाळ फिरवून वेगळा काढणारं यंत्र) नुसता फिरत राहतो. (ट्रकचं तेल इथे नको म्हणतात त्याचंही हे एक कारण.) टेफ्लॉनची पूड फिल्टरमध्ये अडकते. क्लोरिनवाली मिश्रणं पाण्याशी गाठ पडली की आम्ल तयार करतात. ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या दोन-स्ट्रोक इंजिनांत पिस्टन पिनच्या बेअरिंगला चांदीचा थर असतो. झिंक तोच खातं, म्हणून त्यांना झिंकविरहित तेलच लागतं.

अ‍ॅडिटिव्हचा खरा निर्णय तेल निवडताना होतो. डिस्टिलेट (हलक्या) इंधनाला साधारण १२ ते २० बीएन (बेस नंबर, म्हणजे तेलाची आम्ल मारण्याची ताकद), जड इंधनाला ३० किंवा त्याहून जास्त. नेमका आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. चालू तेलाचा बीएन नव्याच्या निम्म्यावर आला की हालचाल करायची वेळ झाली.

आता कारण शोधा. एक शेल काढून उजेडात धरा. कॉपर-लेड शेलवरचा करडा ओव्हरले (वरचा मऊ थर) जेमतेम ०.०२ ते ०.०३ मिमी असतो. तो गेला की खाली तांबूस रंग दिसतो. फिरण्याच्या दिशेने ओरखडे असतील तर कचरा, म्हणजे फिल्टर बायपास होतोय का (तेल न गाळताच पुढे जातंय का) बघा. बारीक काळपट खड्डे म्हणजे आम्लाने शिसं खाल्लंय. धातू पुसल्यासारखा सरकलेला असेल तर पदर तुटलाय : तेल कमी पोचलं किंवा पातळ झालं.

पातळ होण्याचं नेहमीचं कारण गळका इंजेक्टर. एसएई ४० तेल १०० अंशांना साधारण १४ सेंटिस्टोक्स (व्हिस्कॉसिटीचं एकक) असतं. रिपोर्टमध्ये ११ आलं तर तुम्ही प्रत्यक्षात एसएई ३० वर इंजिन चालवताय. फ्लॅश पॉइंटही (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेते) खाली आला असेल तर इंधन मिसळलंय यात शंका नको.

पाणी ०.२ टक्क्यांच्या आत ठेवा. पाण्याने झेडडीडीपीचंच विघटन होतं, म्हणजे ज्या अ‍ॅडिटिव्हसाठी पैसे मोजले तेच जातं. घरगुती चाचणी अशी : सुमारे १६० अंशांच्या तव्यावर तेलाचा थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे. सुरक्षा चष्मा घालून करा. रिपोर्टमध्ये सोडियमबरोबर मॅग्नेशियमही वाढलं असेल तर समुद्राचं पाणी, म्हणून आधी कूलरच्या ट्यूब तपासा; सोडियमबरोबर बोरॉन असेल तर बहुधा जॅकेटचं (इंजिन थंड ठेवणारं) पाणी. प्युरिफायरला तेल ९५ अंशांच्या आसपास द्या. थंड तेलातून पाणी नीट निघत नाही.

सॅम्पल चालू, गरम इंजिनातून, दरवेळी त्याच कॉकमधून, आधी थोडं तेल सोडून देऊन घ्या. शिसं, तांबं, कथील यांच्या एका आकड्यावर जाऊ नका, चढता कल बघा. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला ५-१० मायक्रॉनपेक्षा मोठे कण फारसे दिसत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आणि फिल्टरमध्ये चकचकीत चुरा असं होऊ शकतं. फिल्टर उघडाच.

सुरू करण्याआधी प्री-ल्यूब पंप चालवून टर्निंग गिअरने इंजिन फिरवून घ्या, दाब चढल्याशिवाय स्टार्ट नको. झीज वाचवायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

आणि नवे शेल बसवण्याआधी क्रँकशाफ्टमधली तेलाची भोकं साफ करा. जुन्या शेलचा चुरा तिथेच बसलेला असतो आणि तेल वाहायला लागलं की थेट नव्या शेलवर येतो.