बोलणं गेलेल्या वडिलांसाठी मेंदूचे संकेत वाचणारी टोपी घ्यावी का?

तुम्ही फोंड्याहून लिहिलंय की वडिलांना मोटर न्यूरॉन आजार आहे, वाचा जवळजवळ गेलीय, हात चालत नाहीत, डोळे मात्र नीट फिरतात. आणि विचारलंय की डोक्यावरून मेंदूचे संकेत वाचून ‘मनातलं स्क्रीनवर लिहिणारी’ टोपी घ्यावी का. माझं स्पष्ट मत: आत्ता घेऊ नका. तुमच्या बाबांचे डोळे त्या टोपीपेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत.

मी पणजीत ईईजी (मेंदूतले विजेचे संकेत नोंदवण्याची तपासणी) टेक्निशियन आहे, हे संकेत पकडणारे इलेक्ट्रोड रोज लोकांच्या डोक्यावर लावते. हान्स बर्गर यांनी १९२४ साली जर्मनीत माणसाच्या मेंदूतले विजेचे संकेत पहिल्यांदा डोक्यावरून नोंदवले. अडचण तेव्हाही होती, आजही आहे. कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येईपर्यंत संकेत काही मायक्रोव्होल्ट इतकाच उरतो, तोही असंख्य पेशींचा एकत्र. त्यातून ‘पाणी हवंय’ हा विचार वाचता येत नाही.

मग टोपीने लिहितात कसं? १९८८ साली फार्वेल आणि डॉन्चिन या संशोधकांनी मांडलेली पद्धत अजून वापरात आहे. स्क्रीनवर सहा बाय सहाच्या चौकटीत अक्षरं असतात, ओळी आणि रकाने उलटसुलट चमकतात, आपलं अक्षर चमकलं की मनात मोजायचं. त्यानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते; ज्या ओळीला आणि रकान्याला ती उठली, तिथलं अक्षर आपलं. एकदा चमकवून ती गोंगाटात सापडत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा चमकवून सरासरी काढतात. मूळ प्रयोगात वेग मिनिटाला दोन-तीन अक्षरांचाच होता. पुढे तो वाढला, तरी बोलण्याच्या जवळपासही गेलेला नाही. शिवाय नजर अक्षरावर टिकत नसेल तर अचूकता बरीच घसरते. म्हणजे डोळे चालत असतील तर डोळ्यांनीच लिहिणं जलद, आणि डोळे थांबले की ही पद्धतही लंगडी पडते. विकणारे हे सांगत नाहीत याचा मला मनापासून राग येतो.

घरी वापरायची म्हटली तर आणखी कटकटी. केसांना खोबरेल असलं की इलेक्ट्रोड धरत नाही, म्हणून आम्ही पेशंटला डोकं धुऊनच बोलावतो. आपल्याकडच्या दमट हवेत घाम आला की नोंदीतल्या रेषा हळूहळू वर-खाली वाहत जातात. घरातल्या वायरिंगमधून संकेतात मिसळणारी ५० हर्ट्झची घरघर वेगळीच. बाबांनी आवंढा गिळला किंवा जबडा आवळला की सगळ्या रेषा जाड काळ्या होतात, मेंदूचं काही दिसतच नाही. कपाळावर बांधायच्या स्वस्त पट्ट्या तर बऱ्याचदा पापण्यांची आणि कपाळाच्या स्नायूंचीच हालचाल पकडतात.

अशा टोपीला अमेरिकेत मान्यता मिळालीय असं शेजाऱ्यांनी सांगितल्याचंही तुम्ही लिहिलंय. ती मान्यता खरी असावी. पक्षाघातानंतर हाताच्या व्यायामासाठी मेंदूचे संकेत वाचणारं एक यंत्र तिथे २०२१ मध्ये मंजूर झालंय. त्याचा बोलण्याशी संबंध नाही.

तुम्ही आधी अक्षरपाटी करा. आपली वर्णमाला या कामाला फार सोयीची आहे, कारण वर्ग आधीच पाडलेले आहेत. एका पुठ्ठ्यावर पहिल्या ओळीत स्वर, मग क ते ङ, च ते ञ अशा ओळी, शेवटी य, र, ल, व वगैरे. तुम्ही ओळ विचारायची, बाबांनी डोळे वर केले की ‘हो’; मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सुरुवातीला सोडून द्या, घरच्या माणसाला संदर्भाने कळतं. ‘उशी’, ‘पंखा’, ‘खाजवा’, ‘कूस बदला’ हे रोजचे शब्द बाजूला वेगळे लिहून ठेवा. ही पाटी हाताशी बसली की नजरेवर चालणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल स्पीच थेरपिस्टला विचारा. या आजारात डोळ्यांची हालचाल बहुधा बराच काळ टिकते, पैसे तिथे लावा.

पुढे कधी टोपीचा विक्रेता घरी आलाच तर एक परीक्षा घ्या. ज्याचं उत्तर फक्त बाबांनाच माहीत आहे असा प्रश्न विचारा, बटणं दाबणारा माणूस विक्रेत्याचाच असू दे, आणि तुमच्यापैकी कोणी मदत करू नका. उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका.

‘हो’ आणि ‘नाही’ची खूण मात्र आजच ठरवा आणि रात्री बाबांजवळ असणाऱ्या प्रत्येकाला शिकवा.