फीडर कॅनॉल म्हणजे वितरिका नव्हे

प्रश्न : फ्रान्समधल्या ‘कनाल द्यु मिदी’वरच्या मजकुरात ‘फीडर कॅनॉल’साठी मी ‘वितरिका’ लिहिलं. संपादकांनी त्यावर फुली मारली. मग काय लिहू? (एक अनुवादक, दादर)

फुली योग्यच आहे. वितरिका कालव्यातलं पाणी बाहेर नेते, फीडर ते कालव्यात आणून सोडतो. आपली सिंचनाची शब्दावली धरणाकडून शेताकडे उतरत जाते : मुख्य कालवा, शाखा कालवा, वितरिका, चारी. त्यामुळे उलट्या दिशेचा शब्द चटकन सापडत नाही.

मिदी कालवा मुळात शेतासाठी नव्हे, होड्यांसाठी खोदलेला. तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या बाजूला सुमारे २४० किलोमीटर, १६८१ साली सुरू झाला. वाटेत नोरूझचा माथा, समुद्रसपाटीपासून १९० मीटरच्या आसपास. नावा चढतात-उतरतात त्या लॉकमधून (म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या हौदातून), आणि दर खेपेला हौदभर पाणी खाली निघून जातं. माथ्यावरून तर ते दोन्ही अंगांना जातं. म्हणून भर घालायची ती माथ्यावरच. प्येर-पोल रिके (पेशानं मिठावरचा कर वसूल करणारा, इंजिनिअर नव्हे!) यानं जवळच्या डोंगरातले ओढे वळवले, सें-फेरेओलचं धरण १६६७ ते १६७२ या काळात बांधून घेतलं आणि पाणी नोरूझला आणलं. हे पाणी आणणाऱ्या वाटेला फ्रेंच लोक ‘कनाल’ म्हणतच नाहीत, ‘रिगोल’ म्हणतात. म्हणजे चर, लहान पाट.

‘पोषक कालवा’ चुकीचा नाही, पण मला त्यात अंगणवाडीचा आहार दिसतो. ‘भरण कालवा’ घाटावर फसेल, कारण तिथं पिकाला ‘भरणं’ देतात आणि वाचक पुन्हा शेतात पोचेल. माझं मत ‘आवक-पाट’ला. धरणातली ‘आवक’ पावसाळ्यात रोज पेपरात वाचतोच, दिशा त्या शब्दातच आहे. ‘पाट’ही हवाच, आताच्या जलसंपदा खात्याच्या ‘पाटबंधारे’ या जुन्या नावात पाट आणि बंधारा शेजारी बसलेले होते. मुंबईत तानसाचं पाणी १८९२ पासून नळातून येतंय, त्यामुळे इथं पाट म्हटला की पंगतच आठवते, हे खरं. तरी ‘आवक’ जोडल्यावर घोटाळा होऊ नये.

पहिल्या उल्लेखात ‘आवक-पाट (फीडर कॅनॉल)’ लिहा, पुढे नुसतं ‘आवक-पाट’. ‘कालवा’ हा शब्द नावा चालतात त्या मुख्य प्रवाहासाठीच राखून ठेवा.